रेम्पिस, स्टुलावर

“सरका हो जरा… खांबासारखे काय उभे राहता! उत्तरेकडच्या माणसांना चहूकडे समुद्र, पाय टाकायला जागाच जागा. आमच्या तळघरात एकेका फरशीला मालक असतो.”

दिवा आणि तारा सांभाळणाऱ्या फ्लाइडररांचं हे पुटपुटणं माझ्या कानापासून वीतभर अंतरावर चाललं होतं, आणि मी श्वास रोखून बसले होते. कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे मी तिथे नव्हतेच. मी दारापाशी होते.

आणि तेवढ्यात, त्या मिट्ट काळोखात, कोणीतरी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जड, धुक्यात भिजलेल्या बुटातला पाय. मी ओठ चावून धरला. ओरडायची सोय नव्हती.

“अरेच्चा! माफ करा हं, हेर रेम्पिस,” एक खोल, जरा हसरा आवाज माझ्या डोक्यावरून आला. “पहिलाच दिवस आहे माझा. उद्यापासून बघून चालेन… म्हणजे, न बघता नीट चालेन.”

फ्लाइडररांचा श्वाससुद्धा थांबला. आणि स्फटिकाच्या पेटीजवळचा मोजणीचा कर्णा तेवढा बोलत राहिला… टिक. टिक-टिक. टिक.

हेनिंग ब्रोडर्सनची आणि माझी पहिली भेट ही अशी. त्याने माझ्या पायाची माफी मागितली, पण मागितली ती एका मेलेल्या माणसाकडे.

प्रोफेसर आइझेलेंच्या प्रयोगशाळेतल्या आमच्या अंधारखोलीचे दोन नियम होते. पहिला घड्याळाचा. दारात एक लाकडी तबक असे, त्यात मनगटावरची घड्याळं काढून ठेवायची. काही घड्याळांचे आकडे अंधारात चमकतात, आणि आतली नळी प्रकाशाचा एकेक कण मोजणारी. तिला तेवढंही खपत नसे. दुसरा नियम हजेरीचा. दिवा मालवला की प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि जागा सांगायची, म्हणजे कोणी कोणावर आदळत नाही. ‘फ्लाइडरर, दिव्यापाशी.’ ‘गेकेलर, दारापाशी.’ बाहेर जातानाही सांगायचं, ‘अमुक, बाहेर.’ मग वीस मिनिटं गप्प बसायचं. नळी शांत व्हायला तेवढा वेळ लागतो.

सात फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता दिवा मालवला तेव्हा आमच्या स्फटिक-कारागिराने नेहमीसारखं सांगितलं होतं, ‘रेम्पिस, स्टुलावर.’ वीस मिनिटांनी मोजणी झाली, त्यानंतर तासाभराने दिवा लागला. ते स्टुलावरच होते. भिंतीला टेकून, हात मांडीवर, डोळे उघडे. कधी गेले, ते आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. त्यांनी ‘बाहेर’ म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवा मालवला, सगळ्यांची नावं झाली, आणि एक जागा मोकळी राहिली. ती शांतता फ्लाइडररांना सोसवली नसावी. त्यांनी घसा खाकरला आणि हळूच म्हटलं, “रेम्पिस, स्टुलावर.” प्रोफेसर आइझेले तिथेच होते. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. तेव्हापासून रोज.

आणि मी? मला ते स्टूल रिकामं असणं सहन होईना. ‘दारापाशी’ असं सांगायचे, आणि नमद्याच्या सपातांनी आवाज न करता जाऊन स्टुलावर बसायचे. जागा तरी गरम राहील, म्हणून. वेडेपणाच तो. पण त्या तळघरात मी सोळाव्या वर्षी काचेच्या नळ्या धुवायला आले होते, आणि स्फटिक म्हणजे काय ते मला त्या माणसाने, शाळेबिळेशिवाय, बोटाने दाखवून शिकवलं होतं.

दुसरीही एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं. रेम्पिस फेब्रुवारीत गेले, पण रेम्पिसांचे स्फटिक येतच राहिले. एप्रिलमध्ये दोनशे दहावा. जूनमध्ये दोनशे बारावा. चिठ्ठीवर त्यांचंच नाव. करत होते मी. प्रोफेसर चिठ्ठी वाचायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “सध्या असंच चालू द्या, फ्रॉइलाइन गेकेलर. वरच्यांना कागद लागतात. तुमच्याकडे कागद नाहीत.”

खरं सांगायचं तर एकदा मी धीर केला होता. दोनशे अकराव्या स्फटिकाच्या नळीवर माझं नाव लिहिलं. निवायला ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी भट्टीतून कप फुटावा तसा आवाज आला. स्फटिक आरपार तडकला. मी चिठ्ठी खरवडली, पुढच्या नळीवर ‘रेम्पिस’ लिहिलं, आणि तो काढला तर कसा… निळसर, निवळ, एक ओरखडा नाही! त्यानंतर माझं नाव लिहायची हिंमत झाली नाही.

तर अशा घरात मोजणीच्या कामावर हा उत्तरेकडच्या फ्लेन्सबुर्गचा उंच माणूस येऊन पडला. सकाळ असो, दुपार असो, भेटलं की “मोइन!” आमच्या श्टुटगार्टात लोक शेजाऱ्याला ओळखायला सात वर्षं घेतात. हा पहिल्या आठवड्यातच माझ्या भट्टीजवळ खुर्ची ओढून बसला.

“फ्रॉइलाइन गेकेलर, अर्धं ब्रेत्सेल घेणार?” त्याने मीठ लावलेल्या पावाचं वेटोळं माझ्यापुढे धरलं.

“लोणी लावलंय का?”

“दोन्हीकडून.”

“मग उधळे आहात. द्या.”

बाहेर नोव्हेंबरचं धुकं होतं. तळघराच्या खिडकीतून फक्त रस्त्यावरचे पाय दिसायचे, गुडघ्यापर्यंत. तो त्या पायांकडे बघत म्हणाला, “हेर रेम्पिस माझ्यावर रागावलेत का हो? रोज ‘मोइन’ म्हणतो. हूं नाही की चूं नाही.”

माझ्या घशात ब्रेत्सेल अडकलं. “ते… कमी बोलतात.”

“पण जिना काय झाडतात! परवा झाडलोटीची पाळी दाखवणारी पाटी त्यांच्या कपाटावर होती. कोपरान् कोपरा लख्ख.”

“शिका त्यांच्याकडून. तुमच्या पाळीत पायऱ्यांच्या कडा राहिल्या होत्या.”

“तुम्ही मोजल्यात?”

“सगळेच मोजतात. फक्त मी तोंडावर सांगते.”

तो हसला. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटायचा… आणि मी भट्टीचा काटा बघायला वळायचे. काटा कधीच हललेला नसायचा.

त्यानेच मला सांगितलं, माझ्या स्फटिकात काय चालतं ते. मला बनवता येत होतं. आत काय होतं ते कोणी सांगितलं नव्हतं.

“लाल उजेड टाकला ना,” तो म्हणाला, “की या स्फटिकातल्या अँथ्रासीनच्या एखाद्या रेणूत थोडी ऊर्जा जाऊन बसते. ट्रिप्लेट म्हणतात तिला. पण गंमत अशी की एकटीला प्रकाश देता येत नाही. मनाईच आहे. मग ती निघते. या रेणूतून शेजारच्या, तिथून पुढच्या… दार ठोठावत.”

“फिरस्ती.”

“फिरस्तीच! डोळ्याचं पातं लवायच्या आत अब्जावधी घरं हिंडते. आणि एवढं हिंडून गाठते किती? केसाच्या जाडीएवढंसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा त्याच गल्ल्या.”

“आणि मग?”

“बहुतेक वेळा मग काही नाही. विझते. कोणाला कळतही नाही ती होती म्हणून.” त्याने ब्रेत्सेलवरचं खडेमीठ बोटाने उडवलं. “वाटेत कचऱ्याचा एखादा परका रेणू असला तर त्यात अडकते. पण तुमच्या… म्हणजे हेर रेम्पिसांच्या स्फटिकात कचराच नाही. इथे ती खूप हिंडते. आणि हिंडता हिंडता कधी दुसरी तशीच समोर येते.”

“आणि?”

“दोघी संपतात. आणि निळा उजेड पडतो. टाकलेल्या लालपेक्षा जास्त ताकदीचा. एकट्या एकटीला जे जमत नव्हतं ते…” तो थांबला. “लाल उजेड दुप्पट केला की निळा चौपट होतो, फ्रॉइलाइन गेकेलर. त्यावरूनच तर कळतं, की दोघं लागतात म्हणून.”

खिडकीबाहेर एक पायांची जोडी थांबली होती. मग दुसरी आली. मग दोन्ही धुक्यात गेल्या. मी म्हटलं, “हे तुम्ही सगळ्या भट्ट्यांजवळ सांगता का?”

“याच एका.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आणि आमच्यातल्या दुसऱ्या कोणी सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

तो येऊन तीन आठवडे झाले तेव्हा त्याच्या आईने घरून धुरावलेले मासे पाठवले. त्याला वाटलं, रेम्पिसांना नेऊन द्यावेत, म्हणजे अबोला सुटेल. कपाटावरचा पत्ता बघून तो टेकडीच्या पायऱ्या चढून त्यांच्या घरी गेला. दार फ्राउ रेम्पिसांनी उघडलं.

परतला तेव्हा मी नळी धूत होते. तो दारातच उभा राहिला. काखेत वर्तमानपत्राचं पुडकं तसंच. चेहरा पांढराफटक.

“त्या म्हणाल्या, मासे ते खात नाहीत आता.” त्याचा आवाज बसला होता. “मी विचारलं, का? तर म्हणाल्या, वनातल्या कबरस्तानात आहेत ते. फेब्रुवारीपासून.”

मी नळ बंद केला.

“तीन आठवडे… मी कोणाला ‘मोइन’ म्हणत होतो?”

“ब्रोडर्सन…”

“पहिल्या दिवशी माझा पाय पडला तो कोणाच्या पायावर? कारण पाय होता, फ्रॉइलाइन गेकेलर. मऊ होता. आणि त्याने मागे घेतला.”

सांग, रोसविटा. आता तरी. पण तोंडातून आलं ते भलतंच. “तुम्हाला उशीर होतोय. प्रोफेसर वाट बघताहेत.”

त्याने पुडकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि तो गेला. दोन दिवस “मोइन” नाही की ब्रेत्सेल नाही. तळघर किती गार असतं, ते मला अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी जिन्याखाली कागद लागला होता. जानेवारीपासून स्फटिक-कारागीर पाहिजे, प्रमाणपत्र आवश्यक. आणि येत्या शुक्रवारी खात्याचे एक साहेब पाहणीला येणार, त्यांना ‘रेम्पिस स्फटिका’तला निळा उजेड मोजून दाखवायचा. कागदाखाली प्रोफेसरांची सही. शेवटची वेलांटी थरथरलेली. म्हणजे नवीन माणूस येणार, आणि मी पुन्हा नळ्या धुणार. रेम्पिस मात्र स्टुलावर बसून राहणार.

“जरा आत येता का?” मागून हेनिंग म्हणाला. “कामाचं आहे. शुक्रवारची मोजणी काही जमणार नाही.”

“का?”

“खोलीत कोणीतरी आहे.”

तो मस्करी करत नव्हता. त्याने मला मोजणीच्या कागदाच्या गुंडाळ्या दाखवल्या, तीन आठवड्यांच्या. लाल दिवा लावण्याआधी, पेटी बंद असताना, स्फटिक अगदी गप्प असायला हवा. तर रोज, हजेरी झाल्यावर एका मिनिटात, मोजणी चढत होती. तासभर चढलेली राहायची. आम्ही बाहेर आलो की उतरायची.

“फ्लाइडररांना दाखवलं तर त्यांनी टोपी काढून छातीशी धरली,” तो म्हणाला. “प्रोफेसर म्हणाले, ‘पार्श्वभूमी वजा करून टाका.’ मी काय वजा करू? हे काय आहे ते तरी कळू दे!”

दार लागलं. दिवा मालवला. दोघंच होतो.

“ब्रोडर्सन, पेटीपाशी.”

“गेकेलर… दारापाशी.”

आणि दोघंही थांबलो. फ्लाइडरर नव्हते, त्यामुळे तिसरं नाव कोणी घेतलं नाही. तरीही ते खोलीत होतंच. मला अगदी स्टुलाच्या दिशेकडून रेम्पिसांचा, लोकरीचा आणि डांबराचा, तो ओळखीचा वास आला.

टिक. … टिक.

“आता एक पाऊल पुढे या.”

मी आले. टिक. टिक.

“अजून एक.”

टिक-टिक. टिक.

“अजून…”

कर्णा घाईला आला. मी चालत होते आणि माझ्या प्रत्येक पावलाबरोबर तो बंद पेटीतला, काळोखातला स्फटिक जागा होत होता. स्टुलापाशी पोचले तेव्हा तर धान्य सांडावं तसा आवाज.

“तुम्ही जवळ आलात की हा असा वेडा होतो,” हेनिंगचा आवाज अगदी जवळून आला. “तो एकटाच नाही म्हणा.”

“ही वेळ आहे का असलं बोलायची?”

“उजेडात जमत नाही मला.” मग जरा थांबून, “म्हणजे स्टुलावर तुम्ही बसता. पायही तुमचाच होता.”

“… हो.”

“दुखलं होतं?”

“चार दिवस लंगडत होते! तुम्ही बघितलंत कुठे, तुम्ही रेम्पिसांची माफी मागत होतात.”

तो हसला, आणि मग हसू कुठेतरी विरलं. “तुमच्या खिशात काय आहे?”

“कशात?”

“एप्रनच्या. चालताना वाटेतल्या कपाटाला लागून काहीतरी वाजतं. रोज वाजतं.”

माझा हात खिशावर गेला. “रेम्पिसांचं घड्याळ. त्या दिवशी तबकात काढून ठेवलेलं, तसंच राहिलं होतं. आठवडाभर कोणी हात लावेना. फ्राउ रेम्पिस म्हणाल्या, तूच ठेव. पण ते बंद आहे हो! आकडेही चमकत नाहीत. मी अंधारात धरून बघितलंय, काळं ठिक्कर. नाहीतर आत आणलं असतं का?”

कर्णा तडतडत होता.

“जुनं आहे. आकड्यांच्या रंगात रेडियम असतं,” तो हळूच म्हणाला. “चमकणारा रंग दहावीस वर्षांत मरतो. आतलं रेडियम नाही मरत. ते हजारो वर्षं किरण सोडत राहतं, कापडातून, पेटीतून आरपार. डोळ्यांना नाही दिसत. पण अँथ्रासीनला कळतं.”

बाहेरून विझलेलं. आतून चालूच.

मी घड्याळ काढलं. त्याच्या हाताने अंधारात चाचपडत माझा हात शोधला आणि दोन्हीला, हाताला आणि घड्याळाला, मूठ घातली. आम्ही तसेच दारापर्यंत गेलो. दार किलकिलं करून घड्याळ तबकात ठेवलं, आणि दार लावलं.

टिक-टिक. टिक. … टिक. … … 

आणि काही नाही.

इतकी शांतता मी त्या खोलीत फेब्रुवारीनंतर ऐकली नव्हती. मला रडू फुटलं. नऊ महिन्यांचं एकदम. त्याचा कोट धुक्याने ओलसर होता, आणि माझं कपाळ त्याच्या दुसऱ्या बटणाला लागत होतं.

“दोनशे चौदावा स्फटिक ऑक्टोबरमधला आहे,” खूप वेळाने तो म्हणाला. “फिरस्त्या यात जितका वेळ जगतात तितका वेळ रेम्पिसांच्या एकाही स्फटिकात जगलेल्या नाहीत. मी जुन्या वह्या बघितल्या. हा तुझा आहे.”

‘तुझा.’ श्टुटगार्टात इतक्या लवकर कोणी कोणाला ‘तू’ म्हणत नाही. मला ते ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं… आणि अंधारात दाखवून काय उपयोग!

“माझं नाव लिहिलं की तडकतो,” मी म्हटलं.

“एकदा तडकला. मोजणी एकदाच करून मी काहीच मानत नाही.”

“तू सांगशील खात्याच्या साहेबांना?”

“मी नाही. मी इथे तीन आठवड्यांचा पाहुणा. शिवाय मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल.” त्याचा अंगठा माझ्या मनगटावर फिरत होता, हळू, वाट माहीत नसल्यासारखा. “पण एक सांगतो, रोसविटा. तू ‘दारापाशी’ म्हणतेस आणि असतेस भलतीकडेच. मी तुला शोधायचं कुठे?”

शुक्रवारी धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून पायसुद्धा दिसेनात. खात्याचे साहेब आले. बुटके, सर्दी झालेले, काळा कोट. त्यांनी तबकात स्वतःचं घड्याळ ठेवलं आणि तिथलं जुनं घड्याळ उचलून बघितलं.

“हे बंद पडलंय. कोणाचं?”

प्रोफेसरांनी चष्मा काढला. फ्लाइडररांनी दिव्याची तार तपासली. ती आधीच दोनदा तपासून झाली होती.

“आत चलूया,” प्रोफेसर म्हणाले. “आमचे रेम्पिस स्फटिक आपण ऐकून असालच. असा हात दुसरा नाही.”

“त्यांना भेटता येईल का?” साहेबांनी नाक पुसत विचारलं.

“ते… आत आहेत,” फ्लाइडरर म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

हेनिंगने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने फक्त जाता जाता, सगळ्यांच्या नकळत, माझ्या सपातेवर बुटाचं टोक टेकवलं. अगदी अलगद.

दार लागलं. दिवा मालवला.

“आइझेले, मोजयंत्रापाशी.”

“क्लोत्स, कुठल्यातरी खुर्चीत,” साहेब शिंकले.

“ब्रोडर्सन, पेटीपाशी.”

“फ्लाइडरर, दिव्यापाशी.”

माझी पाळी होती. मी चालत होते, आणि या वेळी सपाता फरशीवर मुद्दाम घासत होते. सगळ्यांना ऐकू जात होतं. खिसा रिकामा होता. कर्णा गप्प होता. हात पुढे करून मी स्टूल शोधलं आणि बसले.

ते गरम होतं.

सकाळपासून त्या खोलीत कोणी आलं नव्हतं. किल्ली माझ्याकडेच होती. तरीही लाकूड गरम होतं, कोणी नुकतंच उठून जागा करून दिल्यासारखं. पण मी उठले नाही. कर्णा बोलला… टिक. एकच. मग पुन्हा गप्प.

अंधारात फ्लाइडररांनी घसा खाकरला. आता ते म्हणणार होते. गेले नऊ महिने म्हणत होते तेच.

“रेम्…” त्यांनी सुरुवात केली.

“रेम्पिस, बाहेर,” मी म्हटलं. “सात फेब्रुवारीपासून. ते वारलेत. स्टुलावर रोसविटा गेकेलर आहे, आणि पेटीतला स्फटिक मी केलाय.”